काळ्या मातीची धूळ काळी नसते

माझा पहिला रणगाडा मी भज्यासारखा पिठात घोळवला होता. १:३५ मापाचं मॉडेल, टी-५५ या सोव्हिएत रणगाड्याचं. तीन आठवडे खपून जोडलेला, हिरवा रंग छान बसलेला. आता जरा धूळ मारू म्हणून एअरब्रशमध्ये फिकट तपकिरी रंग भरला आणि वरून, खालून, पुढून, मागून सारखा फवारला. दुसऱ्या दिवशी चोपड्याकडून आबा आले. त्यांनी तो उचलला, चष्मा कपाळावर सरकवला, उलटासुलटा करून पाहिला आणि विचारलं, "हे कुठून फिरून आलं रे भाऊ? काळीतून आलं का नदीतून?"

मला काही सांगता येईना. आबांची उभी हयात शेतात गेली. ओट्यावर बसल्या बसल्या, समोरून गेलेल्या ट्रॅक्टरच्या चाकांकडे बघून तो कोणत्या शिवारातून आला हे ते सांगतात आणि बहुतेक वेळा ते बरोबर निघतं. माझ्या रणगाड्याकडे बघून त्यांना काहीच कळलं नाही, कारण त्यावर धूळ नव्हतीच. नुसता धुळीच्या रंगाचा रंग होता.

ऊन, पाऊस, धूळ, चिखल, तेल, गंज आणि माणसांचे हातपाय यांनी गाडीचं जे काही होतं ते मॉडेलवर दाखवण्याला या छंदातले लोक 'वेदरिंग' म्हणतात. त्यात पुष्कळ गोष्टी येतात, पण इथे मी मुख्यतः धुळीबद्दलच लिहिणार आहे. रणगाड्यावर सगळ्यात जास्त जागा तीच व्यापते. शिवाय धूळ कशी दिसते हे खानदेशातल्या माणसाला बाहेरच्या कोणी शिकवायला नको. एप्रिल-मे महिन्यात दारं-खिडक्या लावून जेवायला बसलो तरी ती ताटात येते. आमच्याकडे एका जिल्ह्याचं नावच धुळे आहे. त्याचा धुळीशी संबंध असो वा नसो.

खऱ्या मातीची पहिली अडचण

प्रत्येकाला पहिल्यांदा हेच सुचतं की अंगणातली चिमूटभर माती घ्यावी आणि चिकटवावी. खरी माती, खरा रंग, फुकट. पण इथे माप आडवं येतं.

१:३५ म्हणजे खऱ्या गाडीचे ३५ सेंटीमीटर मॉडेलवर एक सेंटीमीटर. (हे विचित्र माप आलं ते जपानच्या तामिया कंपनीकडून. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी पँथर रणगाड्याचं मोटरवर चालणारं मॉडेल काढलं. पोटात मोटर आणि बॅटऱ्या मावतील असा जो आकार ठरला तो १:३५ निघाला आणि पुढे सगळ्या जगाने तोच उचलला.) हाच हिशेब आता मातीला लावा. एक मिलिमीटरचा वाळूचा कण मॉडेलवर साडेतीन सेंटीमीटरची गिट्टी होतो. चहाच्या गाळणीतून पडणारा अर्ध्या मिलिमीटरचा कण म्हणजे पावणेदोन सेंटीमीटरचा खडा. अगदी वस्त्रगाळ केली आणि कण ०.१ मिलिमीटरवर आणला तरी तो साडेतीन मिलिमीटरचा, म्हणजे जवळजवळ ज्वारीचा दाणा. रणगाड्यावर कोणी ज्वारी पसरून ठेवल्यासारखं दिसतं.

मग किती बारीक हवं? फूटभर अंतरावरून आपल्या डोळ्याला साधारण ०.०८-०.०९ मिलिमीटरपेक्षा लहान कण सुटा दिसत नाही. त्याच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्यावर, म्हणजे २०-३० मायक्रॉनवर गेलं की कण हरवतो आणि नुसता धुरळा उरतो. (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.) बाजारात डबीत मिळणारं पिगमेंट त्याहूनही कितीतरी बारीक असतं, बहुतेक वेळा लोखंडाच्या ऑक्साइडची पूड. म्हणून ते बोटावर घेतलं की पावडरसारखं वाटतं, मातीसारखं नाही.

रंग

आता आबांच्या प्रश्नाकडे. काळी म्हणजे आमची कापसाची जमीन. दख्खनच्या बेसॉल्ट खडकाची झीज होऊन तयार झालेली, ओली झाली की फुगणारी, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडणारी. हिला आपण काळी म्हणतो आणि मॉडेलवाला सरळ काळा-चॉकलेटी रंग काढून बसतो. मे महिन्यात नांगरलेल्या वावरातून ट्रॅक्टर चाललेला असताना त्याच्यामागे उडणारा लोट आठवा. तो काळा असतो का? करडा असतो, थोडी तपकिरी झाक असलेला. ट्रॅक्टरच्या बॉनेटवर बसलेली धूळ तर त्याहून फिकट, राखेकडे झुकणारी. तीच माती पहिल्या पावसानंतर चाकाला चिकटते तेव्हा मात्र खरंच काळी दिसते.

याचं कारण समजून घेतलं की अर्धं वेदरिंग आपोआप कळतं. खडीसाखर पारदर्शक असते, पण तिची पिठीसाखर केली की पांढरी होते. पदार्थ तोच. फरक एवढाच की पिठात असंख्य बारीक कण आणि त्यांच्यामध्ये हवा असते. प्रकाश कणातून हवेत, हवेतून कणात जाताना दर वेळी थोडा वळतो, थोडा परततो. इतक्या वेळा परतला की बराचसा प्रकाश आत शोषला जाण्याआधीच बाहेर येतो आणि वस्तू फिकट, चमक नसलेली दिसते. किती परतेल हे दोन पदार्थांच्या अपवर्तनांकातल्या (पदार्थ प्रकाशाला किती वळवतो त्या आकड्यातल्या) फरकावर ठरतं. हवेचा अपवर्तनांक १, मातीतल्या खनिजांचा दीडच्या आसपास, म्हणजे फरक मोठा. मधल्या जागेत हवेऐवजी पाणी शिरलं की पाण्याचा १.३३, फरक कमी झाला, प्रकाश आत खोल गेला, शोषला गेला, माती गडद झाली.

मॉडेल करणाऱ्याच्या हाती यातून दोन गोष्टी लागतात. धूळ नेहमी तिच्या मातीपेक्षा फिकट घ्यायची आणि चिखल त्याच मातीचा पण गडद. दोन्हींना वेगवेगळे रंग शोधत बसलात तर रणगाडा दोन जिल्ह्यांतून आल्यासारखा वाटतो. दुसरी गोष्ट पुढे पिगमेंट लावताना उपयोगी पडेल: थिनरने भिजवलं की पिगमेंट नाहीसं झाल्यासारखं दिसतं आणि वाळलं की परत उगवतं. नवखा माणूस ओलं असताना घाबरतो, आणखी थापतो आणि सकाळी उठून बघतो तर भजं.

आमच्या भागात एका दिवसाच्या प्रवासात धुळीचे चार-पाच रंग दिसतात. तापीकाठच्या गाळाची पिवळसर तपकिरी, काळीची करडी, मुरूम टाकलेल्या गावरस्त्याची तांबूस पिवळट, खडी क्रशरजवळची निव्वळ राखाडी (तीही बेसॉल्टचीच, पण झीज न झालेल्या ताज्या दगडाची), आणि जुन्या धाब्याच्या घरांवरची पांढरी माती. मी प्रत्येकीची पुडी करून, वर गावाचं नाव लिहून एका खोक्यात ठेवली आहे. घरच्यांना तो अंगाऱ्यांचा संग्रह वाटतो.

पण खानदेशातली माती खानदेशातच. रणगाडा कुठला, कोणत्या महिन्यातला, कोणत्या लढाईतला हे ठरल्याशिवाय डबी उघडायची नाही. सप्टेंबर १९६५ मध्ये खेमकरणजवळ असल उत्तरला पाकिस्तानचे पॅटन रणगाडे पाणी सोडलेल्या उसाच्या शेतांत रुतले. तिथे धूळ कसली? पंजाबच्या गाळाचा ओला चिखल, पट्ट्यांत आणि चाकांत ठासलेला, वर उसाचं पाचट. डिसेंबर १९७१ मध्ये लोंगेवालाला आलेले पाकिस्तानचे टी-५९ रणगाडे थरच्या वाळूत अडकले. वाळूचे कण जड असतात, ते उडतात आणि गळून पडतात, चिकटत नाहीत. चिकटतो तो त्यांच्यातला बारीक भुकटा, तोही तेल सांडलेल्या जागी जास्त. त्यामुळे वाळवंटातली गाडी वरून फिकट आणि कडांना रंग घासला गेलेली दाखवायची, चिखलाने लडबडलेली नाही. त्याच महिन्यात शकरगढ भागात बसंतर नदीपाशी भारताच्या पूना हॉर्स रेजिमेंटचे सेंच्युरियन रणगाडे लढले. १६ डिसेंबरला सेकंड लेफ्टनंट अरुण खेतरपाल तिथेच आपल्या 'फामागुस्ता' या रणगाड्यात धारातीर्थी पडले आणि त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. नदीचं पात्र, शेतं आणि हिवाळ्यातली पंजाबची माती: इथे खाली ओलसर चिखल आणि वर कोरडी धूळ दोन्ही शोभतात. दोन युद्धांतल्या तीन जागा झाल्या आणि एकीची धूळ दुसरीला चालत नाही.

जाता जाता एक. अहिल्यानगरचं रणगाडा संग्रहालय या छंदातल्या प्रत्येकाने बघावं. १९९४ मध्ये सुरू झालेलं, आणि सेंच्युरियन, विजयंता, पॅटन हात लावण्याइतके जवळून बघायला मिळतात. पण धूळ शिकायला ते कामाचं नाही. तिथले रणगाडे रंगवून, चोपडे करून उभे आहेत. मापं, जोड, वेल्डिंगच्या रेघा तिथे टिपाव्यात आणि धुळीसाठी परत येऊन रस्त्याच्या कामावरचं पोकलेन बघावं.

ती कुठे बसते

पोकलेनला रणगाड्यासारखाच पट्टा असतो. आमच्याकडे त्याला चेन म्हणतात. जेवणाच्या सुट्टीत ड्रायव्हर सावलीला गेला की जवळ जाऊन बघावं. चेनच्या कड्यांचा जमिनीला घासणारा कंगोरा चांदीसारखा चकाकतो. आतून रोलर ज्या पट्टीवर फिरतो तेवढी पट्टीही चकाकते. बाकी सगळीकडे माती ठासलेली, तीही दोन रंगांत: आत कालची वाळलेली फिकट, वर आजची गडद. मॉडेलवर नेमकं हेच करायचं. कंगोऱ्यांवर सहा-बी पेन्सिलीचं शिसं घासलं की धातू दिसतो, बाकी पिगमेंट. फरक एका बाबतीत आहे. पोकलेन रस्त्याने पळत नाही, ते ट्रेलरवरून येतं. म्हणून त्याच्या केबिनवर रणगाड्याएवढी धूळ उडत नाही. तेवढ्यासाठी ट्रॅक्टर-ट्रॉली बघावी, नाहीतर केळी भरून गावरस्त्याने निघालेली पिकअप.

धूळ उडते मागे. पट्टा जमीन सोडताना माती वर ओढतो आणि गाडीच्या मागे हवेचा भोवरा तयार होतो, तो ती परत गाडीच्या पाठीवर टाकतो. पिकअपचं मागचं फाळकं पुढच्या काचेपेक्षा कायम मळकं असतं ते याचमुळे. म्हणजे एकटा चाललेला रणगाडा मागून जास्त मळलेला. पण तोच ताफ्यात तिसरा-चौथा असेल तर पुढच्यांची धूळ त्याच्या तोंडावर येते. तुमचा रणगाडा रांगेत कितवा होता हे ठरवून ठेवा. कोणी विचारणार नाही, पण हात चुकणार नाही.

उडालेली धूळ मग खाली बसते: आडव्या पृष्ठभागांवर, आणि त्यातही कोपऱ्यांत, बोल्टांभोवती, पेट्यांच्या मागे, जिथे वारा पोचत नाही तिथे. उभ्या बाजूंवर ती टिकते ती ओलाव्याने किंवा तेलाने. दव पडलं, दोन शिंतोडे आले की ती ओघळते आणि उभ्या फिकट रेघा राहतात. पाणी साचून वाळलं तिथे कड गडद, मध्य फिकट असा डाग उरतो.

आणि माणसं. हा भाग लोक हमखास विसरतात. धूळ जिथून पुसली जाते ती जागाही तेवढीच बोलते. टी-५५ चं उदाहरण घ्या. चालक पुढे डावीकडे बसतो, कमांडर बुरुजात (तोफेच्या फिरत्या घुमटात) डावीकडेच. म्हणजे पुढच्या डाव्या कोपऱ्यावरून चढ-उतार जास्त. तिथली धूळ बुटांनी घासलेली, कडांना मूळ हिरवा रंग दिसणारा. धूर डाव्या फेंडरवरून (पट्ट्यावरच्या पत्र्यावरून) बाहेर पडतो, त्यामुळे डावीकडे मागे काजळी. बाहेरच्या इंधनाच्या टाक्या उजव्या फेंडरवर, म्हणून उजवीकडे डिझेलचे डाग, झाकणापासून खाली गेलेले, गडद आणि किंचित तुकतुकीत. त्यावर बसलेली धूळ भिजून काळपट झालेली. माझ्या पहिल्या टी-५५ च्या दोन्ही बाजू आरशात पाहिल्यासारख्या एक होत्या. आबांना काही वाचता आलं नाही, यात नवल काय.

थर कोणत्या क्रमाने

इथे थोडं रसायन आहे, पण स्वयंपाकघरातल्यापेक्षा अवघड नाही. नियम एकच: वरच्या थराचा द्रव खालच्या थराला विरघळवणारा नसावा. मूळ रंग ॲक्रेलिक किंवा लॅकरचा ठेवतात. तो नीट वाळला की टर्पेंटाइनच्या जातीच्या थिनरला सहसा दाद देत नाही. म्हणून त्यावरची कामं इनॅमल किंवा ऑइल रंगांनी करायची; चुकलं तर त्याच थिनरने पुसता येतं आणि खालचा रंग शाबूत राहतो. हार्डवेअरच्या दुकानातलं टर्पेंटाइन चालतं, पण प्रत्येक ठिकाणचं सारखं नसतं. आधी रंगवलेल्या टाकाऊ तुकड्यावर लावून रात्रभर ठेवा.

मूळ रंगावर आधी चकचकीत वार्निश. त्यावर नंबर-चिन्हांचे स्टिकर आणि मग 'वॉश', म्हणजे भरपूर थिनरमध्ये चिमूटभर गडद रंग. बारीक ब्रशचं टोक बोल्टच्या बुडाशी किंवा पत्र्याच्या सांध्यात टेकवायचं; केशाकर्षणाने रंग स्वतःच रेघेतून पळतो. चकचकीत पृष्ठभागावर तो छान पळतो, खरबरीत पृष्ठभागावर पसरून डाग करतो. पिगमेंटचं उलटं आहे. त्याला धरायला खरबरीतपणा लागतो, गुळगुळीत काचेवर धूळ कशी घसरते तसं ते चकचकीत वार्निशवरून घसरतं. म्हणून वॉशनंतर मॅट वार्निश आणि पिगमेंट सगळ्यात शेवटी. हा क्रम कुठे तरी वाचून पाठ करण्यापेक्षा कारण लक्षात ठेवलं की पुरतं.

खरचट्यांबद्दल थोडक्यात. रंग उडालेला दाखवायला स्पंजचा तुकडा गडद तपकिरी रंगात बुडवून, कागदावर बराचसा टिपून कडांवर टेकवतात. मोह आवरा. रणगाडा म्हणजे भंगारवाल्याच्या दारातलं पत्र्याचं पिंप नव्हे. त्याच्या रंगाखाली प्रायमर असतो आणि काही महिन्यांत तो नारंगी होत नाही. गंज पट्ट्यांवर आणि धुराच्या नळीवर खुशाल दाखवा. १९८० च्या दशकात बेल्जियमच्या फ्रांस्वा वेर्लिंडेन यांच्या पद्धतीचा बोलबाला होता, तेव्हा प्रत्येक कड कोरड्या ब्रशने उजळ करायची रीत पडली. पुढे स्पेनच्या मिग हिमेनेझ यांच्यासारख्यांनी पिगमेंट आणि इनॅमलचा सुकाळ केला आणि आता कधी कधी वाटतं की रणगाडे शोरूममधून निघाल्यापासून कोणी धुतलेच नाहीत. सैन्यात गाड्या धुतात. हे दोन्ही टोकांच्या लोकांनी लक्षात घ्यावं.

लावायची कशी

मी आता तीन वेळा धूळ लावतो, प्रत्येक वेळी वेगळ्या कारणाची.

पहिली जुनी धूळ, जी गाडीवर कायमची बसून रंगच फिका करते. ही एअरब्रशने, तामियाचा एक्सएफ-५७ बफ आणि एक्सएफ-५५ डेक टॅन यांचं मिश्रण, नऊ भाग थिनरला एक भाग रंग, फक्त खालच्या अर्ध्या भागावर आणि मागे. एका फेरीत काहीच दिसलं नाही पाहिजे. तिसऱ्या-चौथ्या फेरीत शंका यावी की काहीतरी बदललं, तिथे थांबायचं. एअरब्रश नसेल तर ऑइल रंगांनी भागतं. कॅमलच्या ऑइल रंगांतले रॉ अंबर, यलो ऑकर, पांढरा असे ठिपके जाड पुठ्ठ्यावर तासभर ठेवा. पुठ्ठा त्यातलं जवसाचं तेल शोषतो आणि रंग मॅट वाळतो. मग ते बारीक ठिपके बाजूंवर देऊन, थिनरने जेमतेम ओलसर रुंद ब्रशने वरून खाली ओढायचे. पाणी ओघळतं त्याच दिशेने. आडवं ओढलं की गेलं.

दुसरी साचलेली धूळ. कोरडं पिगमेंट जुन्या मऊ ब्रशने कोपऱ्यांत ठेवायचं, चोळायचं नाही. मग दुसऱ्या ब्रशने थिनरचा थेंब त्याच्या शेजारी टेकवायचा, पिगमेंटवर नाही. थेंब आपणच आत शिरतो. वाळताना एक गंमत होते ती आधीच माहीत असावी. चहाचा कप ओट्यावर ठेवला की त्याचं गोल वलय उरतं, मध्यभाग जवळजवळ स्वच्छ. थेंबाची कड आधी वाळते, तिथली तूट भरायला आतला द्रव कडेकडे वाहतो आणि कण सोबत नेतो. पिगमेंटचंही तेच होऊन गडद किनार पडते. पाणी साचल्याचा डाग हवा असेल तिथे ती राहू द्या. नको असेल तिथे पुरतं वाळण्याआधी ओलसर स्वच्छ ब्रशने कड विरवून टाका.

तिसरी आजची धूळ: अगदी थोडी, सगळ्यात फिकट, आडव्या भागांवर कोरडीच. हिला थिनर नको, वार्निश तर मुळीच नको. वर मॅट वार्निश मारलं की कणांमधल्या हवेच्या जागी वार्निश भरतं आणि मघाचा अपवर्तनांकाचा खेळ उलटा होतो. रात्रीची मेहनत ओल्या मातीसारखी गडद होऊन बसते. मग शेवटी करंगळीवर किंचित थिनर घेऊन जिथे बूट पडतात, हात टेकतात, झाकणं उघडतात तिथली धूळ पुसायची. मला हा शेवटचा अर्धा तास सगळ्यात आवडतो.

घरचं पिगमेंट

परदेशी पिगमेंटची बोटभर डबी कुरिअर धरून बरीच महाग पडते, आणि आपल्या पायाखाली तेच पडलेलं आहे. फक्त बारीक करायला हवं. कुटून ते होत नाही. पाण्याकडून करून घ्यावं लागतं. पाण्यात कण बुडण्याचा वेग त्याच्या व्यासाच्या वर्गावर ठरतो: कण निम्मा झाला की वेग चौथाई. दहा सेंटीमीटर खोल पाण्यात ५० मायक्रॉनचा कण तळाला जायला पाऊण मिनिट घेतो, २० मायक्रॉनचा साडेचार-पाच मिनिटं, १० मायक्रॉनचा अठरा-एकोणीस मिनिटं.

तेव्हा माती आधी गाळून बादलीत ढवळा, पाच मिनिटं स्वस्थ बसा आणि वरचं गढूळ पाणी हलक्या हाताने दुसऱ्या भांड्यात ओता. तळाला राहिलं ते झाडांना घाला. ओतलेल्या पाण्यात राहिलं ते सगळं २० मायक्रॉनच्या आतलं. तापीच्या गाळाची माती रात्रीत बऱ्यापैकी बसते. काळी मात्र बसता बसत नाही; तिच्यातली चिकणमाती इतकी बारीक की दिवसेंदिवस तरंगत राहते. त्यावर पावसाळ्यातल्या गढूळ पाण्याचा उपाय: तुरटी फिरवा. कण एकमेकांना धरून खाली येतात. पाणी टाका, थर उन्हात वाळवा (आमच्या मे महिन्यात दोन तास), आणि त्याची भेगाळलेली पापडी खलबत्त्यात हलकी फोडा. रंग वाढवायचा तर किराण्याच्या किंवा पूजेच्या दुकानातला गेरू, पिवडी आणि खडूची भुकटी मिसळा. चुना नको, तो दाहक असतो आणि रंगांशी भांडतो. रांगोळी भरड असते. होळीचा रंग तर अजिबात नको, त्यातला रंग थिनरमध्ये उतरून पसरतो.

तव्यावर भाजली की माती निर्जंतुक होते, पण बेताने. जास्त तापली की तिच्यातलं पिवळं लोखंड लाल होतं. विटा लाल होतात ती हीच क्रिया, आणि ऑइल रंगांच्या ट्यूबवर 'बर्न्ट सिएना' लिहितात तेही याचमुळे. मुद्दाम लाल करायची असेल तर उत्तम. तवा मात्र वेगळा ठेवा. मी ठेवला नव्हता, आणि त्या आठवड्यात आईने भाकरी केल्या नाहीत.

दळताना, फुंकताना, एअरब्रश मारताना तोंडावर एन-९५ मास्क हवाच. जे कण डोळ्याला दिसत नाहीत तेच फुप्फुसात खोल जातात. थिनरचं काम खिडकी उघडून. आणि पिगमेंट उघडं असताना कूलर बंद. हे मी अनुभवाने सांगतो: पंचेचाळीस अंशांच्या दुपारी कुणीतरी माझी दया येऊन कूलर लावला, आणि तिन्ही वाट्यांतली धूळ एका क्षणात सेंच्युरियनवर, माझ्यावर आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर समान वाटली गेली.

तो सेंच्युरियन नंतर धुऊन पुन्हा केला. दिवाळीत आबांना दाखवला. त्यांनी पट्ट्यांत नखाने खरवडून पाहिलं (मी जीव मुठीत धरून उभा), म्हणाले, "ओल्यातून आला, मंग कोरड्यात उभा राहिला." आणि मग मागच्या जाळीकडे बोट दाखवून, "पन इथं एवढी धूळ कशी? खाली इंजिन गरम हवा फेकत आसंल ना." बरोबर होतं. जाळीवर मी नुसतं भरून ठेवलं होतं. घरी येऊन ती ब्लोअरने उडवली आणि काजळीचा हात दिला.

पूर्ण झालेलं मॉडेल काचेच्या पेटीत ठेवा, पहिल्याच दिवशी. पिगमेंटवर बसलेली घरातली धूळ पुसता येत नाही, पुसायला गेलं की खालचीही निघते. आणि तीही मापात बसत नाही: कापसाचा एक सेंटीमीटरचा धागा बुरुजावर पडला की तो फूटभर लांबीचा दोर दिसतो. कॅमेऱ्याची लेन्स साफ करायचा रबरी फुगा जवळ ठेवा. जिनिंगच्या दिवसांत आमच्याकडे तो रोज लागतो.